आईबाबांसाठी असिस्टेड लिव्हिंग निवडताना: आधी वही, मग इमारत

फोन साधारण असा येतो. "बाबांना परवा डिस्चार्ज आहे, घरी ठेवणं आता जमणार नाही, दोन-तीन चांगल्या जागा सांग ना." मी विचारते, रात्री किती वेळा उठतात? पलीकडे शांतता. अंघोळ स्वतः करतात? "हो... म्हणजे, दाराबाहेर कोणीतरी असतं." औषधं? "ते आई बघते." आणि लगेच पुन्हा, "पण जागा कुठली चांगली?"

घोळ इथेच होतो. सरसकट चांगली अशी जागा नसते. या माणसाच्या या गरजांना ती पुरते किंवा पुरत नाही, एवढंच. गरजा न लिहिता बघायला गेलं की नजर बागेवर, लॉबीवर, नाहीतर पडद्यांवर जाते.

माझ्या मावशीच्या वेळी आम्ही अगदी हेच केलं. खोली हवेशीर होती, खिडकीतून झाडं दिसायची, सगळे खूश. मावशी रात्री तीनदा बाथरूमला उठायची, हे आम्हाला माहीत होतं, पण तिथे कोणाला सांगावं असं सुचलं नाही. त्या जागी रात्री दोन मजल्यांना मिळून एक बाई. तिसऱ्या आठवड्यात मावशीला रात्रीचा डायपर लावायला लागले. तिचा लघवीवर पूर्ण ताबा होता. विचारलं तर म्हणाली, "बेल वाजवली की त्या बाईची धावपळ होते गं, राहू दे." चार महिन्यांत तिला तिथून हलवावं लागलं. उतारवयात एक स्थलांतरच जड जातं, आमच्या घाईमुळे तिला दोन सोसावी लागली.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. फोन आणि भेटी चौथ्या-पाचव्या टप्प्यात येतात आणि बहुतेकांना तिथूनच सुरुवात करायची असते. करू नका.

सुरुवातीला शब्द नीट लावून घेऊ

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे स्वतःची खोली, तयार जेवण, साफसफाई आणि अंघोळ, कपडे, औषधं अशा रोजच्या कामांत माणसाची मदत. नळीने आहार, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं), खोल जखमांचं ड्रेसिंग, म्हणजे चोवीस तास नर्सचं काम असेल तर ती जागा वेगळी. स्मृतिभ्रंशासाठीचा विभागही वेगळा. तिथे दारं, प्रशिक्षण आणि दिवसाची आखणी त्या आजाराला धरून असावी लागते. स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या ज्येष्ठांची वसाहत हा आणखी एक प्रकार, आणि तिथे मदत मिळेलच असं नाही. पाटीवर काहीही रंगवलेलं असतं. तिच्यावर जाऊ नका, आत प्रत्यक्ष कोणतं काम होतं ते विचारा.

टप्पा १: सात दिवस आणि सात रात्रींची वही

एक साधी वही घ्या. जो माणूस आईबाबांबरोबर प्रत्यक्ष राहतो, त्यानेच ती भरायची. रविवारी दोन तास येणाऱ्या मुलाने नाही. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्याला आईबाबा नेहमीच ठणठणीत दिसतात, कारण पाहुण्यांसमोर ते कंबर कसून बसलेले असतात. डॉक्टरांसमोर तर विचारूच नका.

वहीत सहा कामं रोज लिहा: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, जेवणं. ही यादी माझी नाही. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली मांडलेली ही मोजपट्टी वृद्धांची काळजी घेणारे डॉक्टर आजही वापरतात. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा:

- स्वतः
- कोणीतरी जवळ उभं लागतं किंवा आठवण करून द्यावी लागते
- हात लावून मदत लागते

मधली खूण सगळ्यात जास्त वेळा चुकते. "बाबा स्वतः अंघोळ करतात" असं आपण म्हणतो. खरं तर आई दाराबाहेर उभी असते, टॉवेल देते, पाणी बंद झालं का ऐकत असते. ते उभं राहणं ही मदतच आहे. नव्या जागी आई नसेल, त्यामुळे ते काम पगारी माणसाला करावं लागेल.

याच्या जोडीला आठ कामांची दुसरी यादी आहे, १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी या अमेरिकन संशोधकांनी केलेली: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, स्वतःची औषधं घेणं, पैशाचे व्यवहार. असिस्टेड लिव्हिंगमध्ये यातली बरीच कामं आपोआप उचलली जातात. तुम्ही लक्ष ठेवायचं ते औषधं आणि पैसे या दोन ओळींवर. सहसा आधी घसरतात त्यांत या दोन असतात, आणि घसरलेल्या सगळ्यात उशिरा कळतात. गोळ्यांच्या पट्ट्या मोजा. महिना संपला आणि बारा गोळ्या उरल्या असतील तर उत्तर मिळालं.

रात्रीचं पान वेगळं ठेवा. किती वाजता उठले, कशासाठी, परत झोप लागली का, घरात फिरले का, दार उघडायला गेले का. या एका पानावर पुढे अर्ध्याअधिक जागा गळतील.

दोन मोजमापं घरीच करता येतात. पहिलं चालण्याचं. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीची काठी किंवा वॉकर चालेल. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर पडण्याचा धोका आहे असं धरा आणि डॉक्टरांना सांगा. दुसरं वजनाचं. काही न ठरवता एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ३ किलो, तर जागेचा शोध बाजूला ठेवून आधी तपासणी.

सावधान: चालण्याची चाचणी घेताना हाताच्या अंतरावर चाला. घड्याळ बघायला दुसरा माणूस ठेवा.

तपासा: वहीत "कधीकधी" हा शब्द आला आहे का? तो खोडून आकडा लिहा. कधीकधी पडतात म्हणजे महिन्यात किती वेळा?

टप्पा २: डॉक्टरांकडे एक फेरी, वही घेऊन

निर्णयाआधी हे करायचं कारण असं की बरा होण्यासारखा त्रास कायमचा समजून लोक घर बदलतात. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, कानातला मळ, न जुळणारा चष्मा, एकमेकांशी भांडणारी औषधं, या सगळ्यांनी माणूस विसराळू आणि गोंधळलेला दिसू शकतो. सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्याही, पिशवीत घालून न्या आणि "यातली कुठली बंद करता येईल?" असं सरळ विचारा.

सगळ्यात मोठी चूक हॉस्पिटलमधून थेट होते. शस्त्रक्रियेनंतर किंवा जंतुसंसर्गात वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो, माणसं ओळखत नाही, रात्री ओरडतो. याला डेलिरियम म्हणतात. तो काही तासांत किंवा दिवसांत येतो आणि बऱ्याचदा ओसरतो, कधी मात्र आठवडे लागतात. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो. डेलिरियमच्या चौथ्या दिवशी "बाबांचं डोकं गेलं" म्हणून स्मृतिभ्रंश विभागात कायमचा प्रवेश घेणारे लोक मी पाहिलेत. अशा वेळी थोड्या मुदतीचा मुक्काम घ्या, कायमचा करार नको.

परत येताना हातात दोन कागद हवेत: आजारांची नावं आणि सध्याची औषधं, वेळा आणि मात्रांसकट. सहीशिक्क्याचे.

टप्पा ३: ज्यांना राहायचंय त्यांच्याशी बोलणं

"तुम्हाला वृद्धाश्रमात जायचंय का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. प्रश्न वेगळे विचारा. दिवसातली कुठली गोष्ट सुटलेली चालणार नाही? कशाची भीती वाटते? अंघोळीला परका पुरुष किंवा परकी बाई चालेल? खोलीत दुसरं कोणी चालेल? पहाटे किती वाजता चहा हवा असतो, हेसुद्धा लिहा. हसू नका, पाच वाजता उठणाऱ्या माणसाला आठपर्यंत उपाशी बसवणाऱ्या जागा असतात.

यातून तीन अटी काढा ज्या मोडायच्या नाहीत. दहा नकोत. दहा अटींची जागा सापडत नाही आणि मग नाइलाजाने सगळ्याच सोडल्या जातात.

स्मृतिभ्रंश असेल तरी विचारायचंच, फक्त दोन पर्याय समोर ठेवून: खिडकीजवळचा पलंग की दाराजवळचा? दिवसाच्या ज्या वेळी डोकं ताजं असतं तेव्हा बोला. संध्याकाळी नको.

भावंडांचंही याच टप्प्यात मिटवा. जागेशी बोलणारं एकच नाव ठरवा. तीन भावंडं तीन सूचना देतात तेव्हा कर्मचारी चौथी गोष्ट करतात, जी त्यांना सोपी असते. पैसे आणि उपचार यांचे निर्णय पुढे कोण घेणार याचे कागदही आताच करायचे, कारण आईबाबांना समजतंय तोवरच त्यांच्या सहीला अर्थ असतो. कागदांचं स्वरूप जिथे राहता तिथल्या कायद्यावर ठरतं. वकिलाला एक तास द्या.

टप्पा ४: पैशाचं गणित आणि फोनवरची चाळणी

महिन्याच्या रकमेत काय नाही, हे विचारा. बहुतेक ठिकाणी राहणं-जेवण हा मूळ दर, त्यावर मदतीची पातळी, त्यावर डायपर, औषधं, कपडे धुणं, डॉक्टरांची फेरी, बाहेर सोबत नेणं हे वेगवेगळं. वहीतल्या खुणा वाचून दाखवा आणि "या माणसाचं पूर्ण बिल किती?" असा आकडा लेखी मागा.

मग पाच वर्षांचा हिशोब. वाढ दरवर्षी ८ टक्के धरली तर आजचा खर्च पाच वर्षांत जवळजवळ दीडपट होतो आणि नऊ वर्षांत दुप्पट. आणि हे मदतीची पातळी तीच राहिली तर. ती बहुतेक वाढते. पहिल्या वर्षाला पुरतील एवढ्या पैशावर जागा घेणं म्हणजे तिसऱ्या वर्षी पुन्हा शोधायला निघणं.

आता फोन. भेटीची वेळ मागायच्या आधी पाच प्रश्न:

1. रात्री जागे असलेले किती जण, किती राहणाऱ्यांमागे? ("असतात ना" हे उत्तर धरायचं नाही. झोपलेला माणूस मोजायचा नाही.)
2. कुठल्या कारणाने तुम्ही माणसाला परत न्यायला सांगता?
3. औषधं कोण देतं, आणि दिल्याची नोंद कुठे होते?
4. पलंगाला खिळला तर ठेवता का?
5. तब्येत अचानक बिघडली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करता?

दुसरा प्रश्न विचारताना लाजू नका. मावशीच्या वेळी तो विचारला असता तर "रात्री वारंवार मदत लागणारे आम्ही घेत नाही" हे आम्हाला पाच मिनिटांत कळलं असतं. त्यांच्या नियमात ते होतंच. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तपासा: फोननंतर तीन किंवा चार नावं उरली पाहिजेत. सात उरली असतील तर तुम्ही प्रश्न फार गोड आवाजात विचारलेत.

टप्पा ५: तीन भेटी

एकाच जागेला तीन वेळा जायचं. पहिली ठरवून, दुसरी न सांगता जेवणाच्या वेळी, तिसरी संध्याकाळी पाळी बदलल्यानंतर. लोक पहिल्या भेटीवर सही करून मोकळे होतात. पहिल्या भेटीत तुम्हाला जे दिसतं ते दाखवायला काढलेलं असतं.

*पहिली भेट* मोजपट्टी घेऊन. दाराची मोकळी रुंदी व्हीलचेअरसाठी निदान ८० सेंटिमीटर हवी आणि वळायला सुमारे दीड मीटरची जागा, बाथरूममध्येसुद्धा. उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. कमोडशेजारच्या दांडीला स्वतः लटकून बघा. हो, खरोखर अंग टाकून. टाइलवर नुसती चिकटवलेली दांडी तुमच्याच हातात येईल, आणि ती तुमच्या हातात आलेली बरी. पलंगावरून बेलची दोरी हाताला येते का, पलंगापासून कमोडपर्यंत रात्री दिवा लागतो का, बाथरूमची कडी बाहेरून उघडता येते का, हेही तेव्हाच बघून घ्या. आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या न चालणाऱ्या माणसाला खाली कोण आणि कसं आणणार, आणि हा सराव शेवटचा कधी झाला, तेही विचारा.

*दुसरी भेट* जेवणाची. इथे चव दुय्यम आहे. ज्यांना भरवावं लागतं त्यांच्याकडे बघा. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्या उभ्या? एक घास गिळून झाल्यावर दुसरा देते की चमचा तोंडासमोर धरूनच ठेवते? उभं राहून भरवलं की माणूस मान वर करतो आणि घास चुकीच्या नळीत जायचा धोका वाढतो. एका ठिकाणी मी बघितलं, बाई आजोबांशेजारी खुर्ची ओढून बसली, घास दिला, थांबली, आणि स्वतःच्या गळ्याला बोट लावून म्हणाली, "गेला का आजोबा?" त्या जागेला फर्निचर जुनाट होतं, भिंतींचा रंग उडालेला होता. आम्ही मावशीसाठी शेवटी तीच घेतली.

त्याच वेळी इकडेतिकडे नजर टाका. नखं कापलेली आहेत का. चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का. कानातलं यंत्र कानात आहे की ड्रॉवरमध्ये. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की खोलीच्या पलीकडे. पायात घट्ट बसणारी चप्पल-बूट आहेत की घसरते मोजे. कर्मचारी लोकांना नावाने हाक मारतात की "दोन नंबर". नाकाचंही ऐका: एका खोलीत वास येणं म्हणजे आत्ताच काहीतरी झालंय, पण सगळ्या मजल्यावर तो भरून असेल तर काम होत नाही. आणि फिनेलचा भपकारा हेही उत्तरच आहे.

कोणाची तरी बेल वाजेल. मोबाइलवर वेळ लावा. किती मिनिटांत कोणी आलं ते लिहून ठेवा, आणि तिन्ही भेटींत हे करा.

*तिसरी भेट* संध्याकाळची. स्मृतिभ्रंशाच्या लोकांची अस्वस्थता बऱ्याचदा दिवस मावळताना वाढते. येरझाऱ्या, "मला घरी जायचंय", रडणं. नेमकी याच वेळी माणसं कमी असतात. तेव्हा कर्मचारी काय करतात ते बघा. हात धरून चार पावलं चालतात, की खुर्चीत बसवून समोर ट्रे अडकवतात? बांधून ठेवणं, मग ते ओढणीने असो नाहीतर पट्ट्याने, पडणं थांबवत नाही, उलट दुखापत वाढवतं. "झोपेसाठी काही देता का?" हेही विचारा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम आवरणारी औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, २००५ सालीच दिला आहे. अशी गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरांचं कारण लेखी हवं आणि ती बंद कधी करायची तेही.

रात्रपाळीच्या माणसाशी बोला, मॅनेजरशी नाही. एकच प्रश्न: "रात्री दोन वाजता कोणी पडलं तर उचलायला किती जण, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांकडे कोण?" खऱ्या उत्तरात नावं येतात. बनवलेल्या उत्तरात "आमची टीम" येते.

सावधान: "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असं सांगणाऱ्या जागेपासून लांब राहा. वय झालेली माणसं पडतात. तिथे एकतर नोंद होत नाही, नाहीतर कोणाला उठूच दिलं जात नाही. पडण्याची वही दाखवणारी जागा जास्त भरवशाची.

टप्पा ६: करार घरी आणून वाचणं

टेबलावर सही करायची नाही. "आज एकच खोली उरली आहे" असं म्हणाले तरी नाही. घरी आणा, पेन्सिलने खुणा करा, आणि या जागा शोधा:

- दर किती आणि किती दिवसांच्या सूचनेने वाढतो. वाढीला वरची मर्यादा आहे का.
- मदतीची पातळी कोण ठरवतं. फक्त तेच ठरवत असतील तर तुमच्या डॉक्टरांचं मत जोडायची सोय लिहून घ्या.
- हॉस्पिटलमध्ये असतानाच्या दिवसांचे पैसे, आणि खोली किती दिवस राखून ठेवतात.
- अनामत कधी, किती कापून, किती दिवसांत परत. माणूस गेल्यावर कोणाच्या नावावर परत.
- परत न्यायला सांगायची कारणं आणि मुदत. "व्यवस्थापनाला योग्य वाटल्यास" हे शब्द असतील तर बाकीच्या अटींना अर्थ उरत नाही. ते खोडून कारणं लिहायला सांगा.
- तुमच्या भेटीच्या वेळा. संपूर्ण बंदी असलेल्या वेळा असतील तर का, ते विचारा.

तोंडी कबूल केलेलं सगळं कराराला जोडपत्र म्हणून लावा. "रात्री तीन वेळा बाथरूमला सोबत" ही ओळ आम्ही दुसऱ्या वेळी लिहून घेतली. मॅनेजर हसला, पण त्याने सही केली.

परवाना, तपासणीचा अहवाल आणि तक्रार कुठे करायची याचा पत्ता हे तीन कागद याच वेळी मागा. जिथे परवान्याची पद्धत आहे तिथे तो मुदतीत आहे का, तारीख वाचून बघा.

टप्पा ७: चाचणी मुक्काम

दोन ते चार आठवडे, आणि तोवर घर मोडायचं नाही. घर विकून, भाड्याने देऊन, पलंग देऊन टाकून मग प्रवेश घेणारे पुढे कितीही वाईट वाटलं तरी परत येऊ शकत नाहीत, आणि हे त्या जागेलाही माहीत असतं. पहिल्या आठवड्याचं रडणं, राग, न बोलणं यावरून निकाल देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात कोणाचं तरी नाव त्यांच्या तोंडी आलं का, ते ऐका. कर्मचाऱ्याचं, शेजारच्या पलंगाचं, कोणाचंही.

टप्पा ८: नेण्याचा दिवस

सकाळी न्या, शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. त्या दिवसांत नेहमीची माणसं रजेवर असतात. खोली आदल्या दिवशी लावून ठेवा: त्यांची उशी, पांघरूण, घड्याळ, फोटो, आणि पलंगाची जी बाजू घरी भिंतीला होती तीच बाजू भिंतीला. रात्री उठल्यावर पाय सवयीच्या बाजूला पडतो, म्हणून. कपडे, चष्मा, कवळीची डबी, कानातलं यंत्र, सगळ्यावर नाव. दागिने आणि रोकड घरी.

औषधं मूळ वेष्टनात, यादीसकट, घेणाऱ्याची सही घेऊन द्या. त्या दिवशीची सकाळची गोळी झाली की नाही, हे यादीवर लिहा. बदलाच्या दिवशी एक गोळी चुकते किंवा दोनदा जाते.

एक पानाचा कागद खोलीत लावा, मोठ्या अक्षरात: हाक कशी मारलेली आवडते, कुठल्या कानाने ऐकू येतं, कशाची भीती, कशाने शांत होतात, रात्री किती वेळा उठतात. पहिल्या पाळीला तुमची फाइल वाचायला वेळ नसतो. हा कागद वाचतात.

सावधान: "दवाखान्यात जाऊन येऊ" असं खोटं सांगून नेऊ नका. ज्यांना समजतं ते पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. स्मृतिभ्रंशात "घरी कधी जायचं?" हा प्रश्न दिवसातून वीसदा येईल, तिथे वाद घालण्यापेक्षा "घरची आठवण येतेय ना, काय करत असाल आत्ता घरी?" असं बोलणं घराकडेच वळवा.

टप्पा ९: पहिले ९० दिवस

वेगवेगळ्या वेळी जा. दर रविवारी अकराला गेलात तर तुम्हाला रविवारचे अकराच दिसतील. प्रत्येक फेरीत चार गोष्टी: वजनाची नोंद (महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर करा), औषधांचा तक्ता भरलेला आहे का आणि तो पुढच्या वेळांचाही आधीच भरलेला तर नाही ना, अंगावर निळे-काळे डाग, आणि टाचा व माकडहाड. तिथली लाली बोटाने दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून ठीक. दाबूनही तशीच राहिली तर तो बेडसोरचा (पडून राहून होणाऱ्या जखमेचा) पहिला टप्पा, त्याच दिवशी नर्सला दाखवा आणि कूस बदलण्याचा तक्ता मागा. सावळ्या त्वचेत लाली दिसत नाही. तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का ते बघा.

तक्रार करायची तर आधी ज्या व्यक्तीच्या पाळीत झालं तिच्याशी, मग प्रमुखाशी लेखी आणि तारखेसकट, मग बाहेर. उलट क्रमाने गेलात तर राग आईबाबांच्या अंघोळीवर निघतो, हे कटू असलं तरी खरं आहे. मात्र मारहाण, बांधणं, उपाशी ठेवणं, पैसे गायब होणं यांत क्रम नाही. फोटो काढा, माणसाला बाहेर काढा, मग तक्रार.

तीन महिन्यांनी टप्पा १ ची वही पुन्हा सात दिवस भरा, या वेळी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. मावशीच्या दुसऱ्या वहीत रात्रीच्या पानावर लिहिलं होतं: उठली २ वेळा, सोबत दिली, डायपर नाही. खाली पाळीवरच्या मुलीची सही होती, आणि तिने स्वतःहून जोडलं होतं, "आज गप्पा मारत बसल्या, उशिरा झोपल्या."